तुझ्या चारशे वाक्यांची यादी

दादा,

तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेचा मजकूर मी लिहिला आणि तुझ्या लेकीने, प्रज्ञाने, तो तुझ्याच कॉम्प्युटरवर चौकटीत बसवला. नाव, वय, मूळ गाव, विहाराचा पत्ता, वेळ. दोनदा तपासला, चूक नव्हती. छापून आल्यावर प्रज्ञाने पत्रिका हातात घेतली आणि म्हणाली, "काका, हे कोणाचंही असू शकतं." बरोबर बोलली. जे फक्त तुझं होतं ते त्या पत्रिकेत नाही. ते कुठेच का उरलं नाही, हे सांगण्यासाठी लिहितो आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात तू मला म्हणालास, "काय विचारायचंय ते आजच विचार, बातमीदार. उद्यापासून मुलाखती बंद." गाठ स्वरयंत्रात होती. स्वरयंत्र काढायचं आणि श्वासासाठी गळ्याला भोक ठेवायचं, असं डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं होतं. अंबरनाथच्या आपल्या विहारात वंदना तू म्हणायचास. लग्न असो, नामकरण असो की जलदानविधी, माइक तुझ्याच हातात असायचा. तुझी वाक्यं लांब असायची, पण मंडपातल्या कोणाला ती लांब वाटायची नाहीत. त्या दिवशी मी तुला काहीच विचारलं नाही. खिडकीतून दिसणाऱ्या पार्किंगबद्दल आपण बोललो.

नंतरच्या औषधांनी तुझी बोटं बधिर झाली. पेन धरवेना. मोबाईलच्या काचेवर बोट टेकलं की नाही, तेही तुला कळायचं नाही. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं. त्यातून निघालेला आवाज तू एकदा ऐकलास आणि यंत्र कपाटात गेलं. उरला घरातला जुना कॉम्प्युटर. कीबोर्डची कळ दाबली की खाली जाते, एवढं बधिर बोटालाही समजायचं.

तो कॉम्प्युटर उल्हासनगरला कॅम्प तीनमधल्या एका दुकानदाराने जोडून दिला होता. पत्रं, अर्ज वगैरे लिहायचं ऑफिस सॉफ्टवेअरही त्यानेच टाकून दिलं होतं, फार जुन्या आवृत्तीचं, बिनलायसन्सचं. अशा सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. टाइप करताना नेहमी होणारी चूक ते आपणहून दुरुस्त करतं, आणि कोणत्या अक्षरांच्या जागी काय आणायचं हे आपण त्याला शिकवू शकतो. आमच्या पेपरच्या डेस्कवर ही सोय सगळे वापरतात. तू तिचा जो उपयोग केलास तो मी कुठे पाहिला नव्हता. तू 'बर' अशी दोन अक्षरं टाइप करून स्पेसबार दाबायचास आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत यायचं: 'बरा आहे. माझं राहू द्या, तुमचं सांगा, आणि चहा घेतल्याशिवाय उठलात तर मी पुन्हा आजारी पडेन.'

एक वाक्य शिकवायला तुला कधी कधी अर्धा तास लागायचा. एका बोटाने, मध्ये थांबत, चुकलेलं पुसत. पण एकदा शिकवलं की पुढे दोन अक्षरांत ते हजर. दीड वर्षात चारशेच्या वर वाक्यं झाली. अक्षरांच्या जोड्या तुझ्या डोक्यात होत्या आणि वाक्यं कॉम्प्युटरमध्ये. कागदावर काहीच नव्हतं.

रविवारी मी कात्रपच्या माझ्या घरून चिखलोलीमार्गे स्कूटरने यायचो. पडदा सोफ्याकडे वळवलेला असायचा. मी दारात दिसलो की तू दोन कळा दाबायचास: 'बातमीदार आले आहेत. सर्वांनी यापुढे जपून आणि शक्यतो खरं बोलावं.' शेजारच्या मावशींना वाचता येत नाही, म्हणून वहिनी मोठ्याने वाचून दाखवायची. एकदा तू आणलंस: 'हिच्या भाजीत मीठ कमी पडलं की जास्त, हे मला आता कळत नाही, त्यामुळे आमचा संसार सुरळीत चालू आहे.' वहिनीने अर्धं वाचलं आणि थांबली.

"हे मी वाचणार नाही."

"अगं वाच की," मावशी म्हणाल्या. "नवरा बोलतोय तुझा."

"बोलतोय कसला, बटणं दाबतोय."

"तेच ते. आमचे तर तोंड असून बोलत नाहीत."

तू हसलास की गळ्याच्या भोकातून नुसती हवा यायची. त्या खोलीत त्याची सगळ्यांना सवय झाली होती.

त्या जुन्या आवृत्तीत पडद्याच्या वरच्या कडेला एक लाल पट्टी यायची. ही प्रत अस्सल नाही, असं इंग्रजीत लिहिलेली. तुझ्याकडे तिच्यासाठीही वाक्य तयार होतं: 'प्रत अस्सल नाही, माणूस अस्सल आहे, काम चालू द्या.' लोक हसायचे. मला ती पट्टी खुपायची. एका रविवारी मी विषय काढला.

"दादा, विहारात लोकांना दुसरं शील देत होतास, न दिलेलं घेणार नाही म्हणून. आणि घरात हे?"

तू दोन अक्षरांवर भागवलं नाहीस. एकेक अक्षर टाइप केलंस: 'चालू आहे. हात लावू नको.'

"चालू आहे म्हणून चोरीचं चालतं?"

तू लिहिलंस: 'तुमच्या पेपरला चौथं लागतं का ते आधी सांग.' चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी हसलो, पण विषय सोडला नाही. पुढच्या तीन रविवारी तोच काढला. तुझा कोणता धागा ओढला की तू नमतोस हे मला लहानपणापासून माहीत होतं. चौथ्या रविवारी तू एकच शब्द लिहिलास: 'टाक.'

मी लायसन्स असलेली नवी आवृत्ती घेऊन आलो. तू आतल्या खोलीत पडला होतास. प्रज्ञा बाजूच्या खुर्चीवर मोबाईलवर कॉलेजचा फॉर्म भरत होती. आधी जुनं काढायचं, मग नवं टाकायचं, असा क्रम. जुनं काढताना मध्येच एक चौकट आली. वापरणाऱ्याच्या सेटिंग्जही काढून टाकायच्या का, असा प्रश्न होता. खाली हो आणि नाही.

"काका, हे काय विचारतंय?" प्रज्ञा म्हणाली.

"काही नाही. जुना कचरा आहे. काढलेला बरा."

मी हो दाबलं.

याचं कारण मी नंतर पुष्कळदा स्वतःला दिलं. आमच्या ऑफिसात अशी यादी सर्व्हरवर असते. किती आवृत्त्या बदलल्या तरी दुसऱ्या दिवशी आपल्या नावाने आत शिरलं की सगळे शब्द जागेवर सापडतात. ते कोण सांभाळतं, कुठे ठेवतं, हे मी कधी विचारलेलं नव्हतं. हे कारण खरं आहे, पण पुरतं खरं नाही. ती कळ दाबताना तुझी यादी माझ्या मनातही आली नव्हती. मी पट्टी काढत होतो.

तू उठून आलास. मी खुर्ची दिली. पडद्यावर स्वच्छ पांढरं पान होतं, पट्टी नव्हती. तू 'बर' टाइप केलंस आणि स्पेसबार दाबलास. 'बर' तसंच राहिलं. पुन्हा केलंस. मग दुसरी जोडी, मग तिसरी. सात-आठ जोड्या तू एकाखाली एक टाइप केल्यास. अर्थ नसलेल्या दोन-दोन अक्षरांचा एक उभा रकाना तयार झाला. वहिनी ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

तू लिहिलंस: 'कुठे गेली'

"नव्या आवृत्तीत जुनी यादी येत नाही बहुतेक," मी म्हणालो. "बघतो मी."

मग तू आणखी एक वाक्य लिहायला घेतलंस. बोट एका कळीवरून दुसरीवर जाईपर्यंत आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. 'तू काही पुसलंस का'. प्रश्नचिन्ह दिलं नाहीस, त्यासाठी दुसरी कळ दाबून धरावी लागते.

"नाही," मी म्हणालो. "ते आपोआप जातं."

प्रज्ञाने मोबाईलवरून मान वर केली नाही. तिने ऐकलं नसावं, असं मी धरून चाललो. कुठल्याही बातमीत साक्षीदार किती होते, हा माझा पहिला प्रश्न असतो.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा टेबलाखालचा डबा पिशवीत घालून मी उल्हासनगरला गेलो. दुकानदार तोच होता. त्याने झाकण उघडलं आणि विचारलं, "निकालते वक्त सेटिंग भी निकाल दिया?"

"हो."

"और ऊपर से नया डाल दिया."

"हो."

"साहेब, आधी आला असता ना, पाच मिनिटांचं काम होतं. फाईल पेनड्राइव्हवर घेतली असती. अब उस जगह पे दूसरा लिखा गया." तरी त्याने दोन दिवस डबा ठेवून घेतला. परत गेलो तेव्हा त्याने मान हलवली. "त्यात होतं काय? कामाचं होतं?"

"माझ्या भावाचं बोलणं होतं."

"वो विहारवाले? ते तर एक कीबोर्ड घ्यायला पण तासभर बोलायचे माझ्याशी." मग त्याने झाकण बसवून चारही स्क्रू आवळले. त्याला मी सगळं खरं सांगितलं होतं. तिथे काही अडलं नाही.

त्या आठवड्यात मी तुला म्हणालो, "तू सांग, मी टाइप करतो." म्हटल्यावर कळलं की काय म्हटलं.

मग वहिनी, प्रज्ञा आणि मी आठवतील ती वाक्यं वहीत लिहून काढायला बसलो. साठेक निघाली. मी ती नव्या आवृत्तीला शिकवली आणि तुला बोलावलं. तू 'बर' टाइप केलंस. पडद्यावर आलं: 'बरा आहे. तुमचं सांगा. चहा घ्या.' ते सहा शब्द तू खूप वेळ वाचलेस. मग खाली लिहिलंस: 'हे मी नाही'.

मी वही उघडून पाहिली. माझ्या अक्षरातली सगळी वाक्यं आखूड होती. तू पुन्हा आजारी पडण्याची धमकी मी सोडून दिली होती, कारण तिच्यामुळे माहितीत भर पडत नव्हती. हे मी ठरवून केलं नव्हतं. आयुष्यभर लोकांचा मजकूर कापत आलेल्या हाताने आठवणीतून उतरवतानाच तुझाही मजकूर कापून टाकला. विहाराच्या कार्यक्रमाचं वृत्त तू मला पाठवायचास, दोन पानी, आणि मी त्याच्या चार ओळी करायचो. त्यावरून आपण कितीदा भांडलो असू. "तू बातमी कापत नाहीस, त्यातली माणसं कापतोस," असं तू म्हणायचास. जागा नसते, असं मी म्हणायचो. तो वाद आपण संपवला नाही. त्या दिवशी संपवता आला असता, पण वाद घालायला तुझ्याकडे अक्षरं उरली नव्हती.

आणि मला लिहायला तूच शिकवलं होतंस. मी पहिली बातमी घरी आणली तेव्हा चाळीच्या गॅलरीत उभा राहून तू ती मोठ्याने वाचलीस, पाण्याला आलेल्या बायका ऐकत होत्या. वाचता वाचता एका ठिकाणी थांबलास आणि म्हणालास, "इथे दम लागतो. वाक्य कागदावर कसं दिसतं ते बघू नकोस, तोंडाने म्हणून बघ." आजही मजकूर छपाईला सोडण्याआधी मी ओठांतल्या ओठांत म्हणून बघतो. शेजारी बसणारे हसतात. त्यांना मी कधी सांगितलं नाही की हे कोणाकडून आलं. तुलाही सांगितलं नव्हतं.

आमची साठ वाक्यं तू एकेक करून काढून टाकलीस. नंतर स्वतः नवी शिकवलीस, बावीस. 'पाणी.' 'दुखतंय.' 'खिडकी लावा.' 'पडतो जरा.' 'डॉक्टरांना फोन करा.' वॉर्डातल्या कुठल्याही खाटेवर ती यादी चालली असती. वहिनीच्या भाजीबद्दल तिच्यात काही नव्हतं, माझ्याबद्दलही नव्हतं. मावशी येऊन बसायच्या, पडद्याकडे बघायच्या. "आज काही बोलत नाहीत," म्हणायच्या. वहिनी सांगायची, "दमलेत." हळूहळू त्या कमी यायला लागल्या. बाकीचेही.

आजार फुफ्फुसात उतरला होता हे तेव्हा कळलं. म्हणजे यादी राहिली असती तरी तू गेलाच असतास. डॉक्टर म्हणाले, तसंच झालं असतं. मी हे वाक्य काही दिवस जवळ बाळगलं. त्याचा मला उपयोग होत होता. तुझे शेवटचे चार महिने तू बावीस वाक्यांत काढलेस, याचं उत्तर त्यात नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी मी अंबरनाथला गेलो. मंडपवाल्याच्या खुर्च्या परत गेल्या होत्या. वहिनी उरलेलं किराणा डब्यांत भरत होती. प्रज्ञा कॉलेजला गेलेली होती. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "वहिनी, दादाची यादी मी पुसली होती. कॉम्प्युटरने विचारलं होतं, मी हो म्हटलं."

"माहितीये," ती म्हणाली. हातातली डाळ तिने आधी डब्यात ओतली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. तुम्ही जिना उतरलात आणि प्रज्ञाने सांगितलं ह्यांना. ती चिडली होती, भाऊजी. तुम्हाला फोन लावत होती."

"मग?"

"ह्यांनी हातातून फोन काढून घेतला तिच्या. जाऊन कॉम्प्युटरवर बसले. मी जेवण गरम करून आणलं तरी लिहीतच होते. मला वाटलं काय लिहितायत एवढं." तिने डब्याचं झाकण लावलं. "'त्याला सांगू दे.' एवढंच होतं."

"नंतर कधी काही म्हणाला नाही तो."

"एकदा विचारलं होतं ना तुम्हाला. दोनदा विचारणाऱ्यातले होते का ते?" ती पुढच्या डब्याकडे वळली. "दर रविवारी सकाळी खुणेने विचारायचे, येणार का म्हणून. दाढी करून बसायचे. तुम्ही गेलात की मग पडायचे."

मी विचारलं, "माझी वाट बघत होता?"

"मग कशाची बघत होते?" वहिनी म्हणाली.

दादा, प्रश्न आला होता. मी तो नीट वाचला नाही आणि हो दाबलं. नंतर तू विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो. पहिलं चुकून झालं. दुसरं चुकून झालं नाही.

त्यानंतरचे रविवार मी मोजले. अठरा होतात, त्यातला एक माझी ड्युटी होती म्हणून चुकला. सतरा रविवार मी तासतासभर तुझ्यासमोर बसलो आणि सगळा वेळ मीच बोललो. काय बोललो ते आठवतं. चिखलोलीचं स्टेशन कधी होणार, कात्रपला पाणी किती वाजता येतं, ऑफिसात कोणाची बदली झाली. तू पडद्याकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून बसायचास. बोलणं ऐकायला तुला बरं वाटत असेल, असं मी समजत होतो. मी निघायला उठलो की तू दरवेळी हात वर करायचास. मी तो निरोप समजून हात हलवायचो आणि जिना उतरायचो.